अँबॅसडरच्या मिस्त्रीकडे आलेली एमजी

मोटारगाडीचा इतिहास म्हणून आपल्याकडे जे काही लिहिले गेले आहे, तो बहुतांशी तिच्या मालकांचा इतिहास आहे. कोणत्या संस्थानिकाच्या पागेत घोड्यांच्या जागी मोटारी आल्या, कोणत्या गिरणीमालकाने कोणती गाडी विलायतेहून मागवली, जुहूच्या विमानतळावर भरणाऱ्या शर्यतींत कोण पुढे आले, याचे दाखले जुन्या वर्तमानपत्रांत आणि क्लबांच्या दप्तरांत मिळतात. परंतु शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी ती गाडी ज्याच्या दारात उभी राहिली, त्याने तिचा आवाज ऐकून काय ताडले आणि मग कोणते हत्यार हाती घेतले, हे टिपून ठेवण्याची गरज कोणाला भासली नाही. मिस्त्रीचे दप्तर म्हणजे त्याची चोपडी. गिरगावातल्या एका गॅरेजातील अशी एक चोपडी पुष्कळ वर्षांपूर्वी मला चाळायला मिळाली होती. पुठ्ठा लाल कापडाचा, पानापानावर ग्रीसने माखलेल्या अंगठ्याचे ठसे, आणि गाडीच्या नंबरापुढे कामाचा तपशील मोडीच्या वळणाच्या बाळबोध अक्षरांत. त्यांत एका एमजी गाडीपुढे एवढेच होते : 'मेनीफोल पॅकिंग नवे. स्टड २. वायसर घासले.' वायसर म्हणजे वॉशर. आता वायसर ही आण्याला मूठभर मिळणारी वस्तू. ती घासत बसण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न मी त्या मिस्त्रींना विचारला, आणि त्याचे जे उत्तर मिळाले ते समजून घेण्यासाठी मला ऑक्सफर्डपासून उत्तरपाड्यापर्यंतचा मोटारींचा इतिहास धुंडाळावा लागला.

प्रथम 'पॅकिंग' या शब्दाविषयी. इंग्रजी पुस्तकांत ज्याला गॅसकेट म्हणतात त्याला आपला मिस्त्री सहसा पॅकिंगच म्हणतो, आणि ते अज्ञानाने म्हणतो असे नव्हे. वाफेच्या इंजिनात दांडा जेथून आतबाहेर करतो तेथून वाफ निसटू नये म्हणून ताग किंवा अंबाडीसारख्या तंतूंचा चरबीत भिजवलेला दोर गच्च कोंबीत असत. त्या कोंबण्याला पॅकिंग म्हणत. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली, १८५६ साली ताडदेवला दावरांची कापडगिरणी चालू झाली, आणि त्यानंतरच्या अर्धशतकात बॉयलर, वाफेचे नळ आणि त्यांचे सांधे यांच्याशी झुंजणारी फिटर व मिस्त्री लोकांची एक मोठी जमात परळ-लालबागच्या परिसरात तयार झाली. मोटारी मुंबईत आल्या तेव्हा त्यांना हात लावण्याची ज्यांची छाती होती ते यांपैकीच असणार, आणि त्यांनी आपला शब्दही बरोबर आणला असणार, असा माझा तर्क आहे. वाफ असो की धूर, दोन लोखंडांमधून जे निसटते ते अडवायचे, हा व्यवसायाचा मूळ सिद्धांत एकच होता.

मोटारीच्या इंजिनातील सर्व सांध्यांत एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा सांधा सर्वांत दुर्दैवी म्हटला पाहिजे. सिलिंडरांतून बाहेर फेकला जाणारा जळका वायू प्रथम या बिडाच्या नळकांड्यांच्या पंजात शिरतो आणि तेथून सायलेन्सरकडे जातो. त्याचे उष्णतामान सातशे-आठशे अंशांपर्यंत सहज चढते, आणि घाटात पूर्ण जोराने चालवलेल्या गाडीचा मॅनिफोल्ड काळोखात लालसर दिसतो. बीड तापले की वाढते. दीड फूट लांबीचा मॅनिफोल्ड पाचशे अंशांनी तापला तर तो सुमारे अडीच मिलिमीटर लांबतो. ज्या सिलिंडर हेडला तो जखडलेला असतो ते मात्र पाण्याने थंड राखलेले असल्यामुळे त्या मानाने फारच थोडे वाढते. म्हणजे गाडी चालू करून बंद करण्याच्या प्रत्येक खेपेस हे दोन शेजारी एकमेकांना घासून पुढे सरकतात आणि परत मागे येतात, आणि त्या दोघांच्या मध्ये पॅकिंग बापडे भरडले जाते.

आता एमजीकडे वळू. विल्यम मॉरिस हा ऑक्सफर्डचा सायकल दुरुस्त करणारा कारागीर. पुढे तो मोटारींचा कारखानदार आणि लॉर्ड नफिल्ड झाला. त्याच्या मॉरिस गॅरेजेस या दुकानाची व्यवस्था १९२२ पासून सेसिल किंबर नावाच्या गृहस्थाकडे आली, आणि या किंबरने मॉरिसच्या साध्यासुध्या गाड्यांच्या सांगाड्यावर सडपातळ, चपळ अंगाच्या गाड्या बांधून विकण्यास प्रारंभ केला. दुकानाची आद्याक्षरे हेच गाडीचे नाव झाले. १९२९ साली हा कारखाना ॲबिंग्डन या गावी एका चामड्याच्या कारखान्याच्या रिकाम्या भागात गेला आणि १९८० च्या ऑक्टोबरपर्यंत तेथेच राहिला. किंबरचा शेवट चमत्कारिक आहे : स्वतः घडवलेल्या कंपनीतून १९४१ साली त्याला काढून टाकण्यात आले, आणि आयुष्यभर वेगाच्या गाड्या घडवणारा हा मनुष्य १९४५ च्या फेब्रुवारीत लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकाजवळ आगगाडीच्या अपघातात मरण पावला, आणि तोही ती गाडी चढावर थबकून हळूहळू मागे घसरल्यामुळे.

एमजीचे वैशिष्ट्य, आणि माझ्या मते तिचे खरे शहाणपण, हे की ती कधीच अस्सल उमरावी गाडी नव्हती. तिचे अवयव सामान्य कुटुंबाच्या गाड्यांतून घेतलेले असत. १९५२ साली ऑस्टिन आणि नफिल्ड ही दोन घराणी एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन झाली, आणि १९४७ सालच्या ऑस्टिन ए-४० गाडीपासून सुरू झालेले ऑस्टिनचे 'बी' मालिकेचे इंजिन कंपनीच्या अनेक गाड्यांत बसू लागले. १९५५ साली बाहेर पडलेल्या एमजीए या गाडीत हेच इंजिन १४८९ घनसेंटिमीटरचे करून, वर दोन कार्बोरेटर बसवून घातले होते, आणि गाडी ताशी शंभर मैलांच्या आसपास जात असे. तिच्या लाखाहून थोड्या अधिक प्रती निघाल्या. पाठोपाठ आलेल्या एमजीबीच्या पाच लाखांवर.

इकडे हिंदुस्थानात काय चालले होते ते पाहा. शिवडीला जनरल मोटर्स १९२८ पासून गाड्या जुळवीत होती, आणि फोर्डचाही तसाच उद्योग होता. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने असे धोरण ठरवले की, ज्यांच्याजवळ गाडीचे भाग क्रमाक्रमाने येथेच तयार करण्याची योजना नसेल त्यांनी हा धंदा सोडावा. आणि लवकरच दोन्ही कंपन्यांनी आपले चंबूगबाळे आवरले. विलायती गाडी आणणे ही यापुढे परवान्याची, ओळखीची आणि जबर जकातीची बाब झाली. ज्या थोड्या एमजी येथे होत्या त्यांना सुटे भाग मिळणे दुरापास्त झाले, आणि पॅकिंगसारख्या क्षुल्लक वस्तूसाठी लंडनला जाणाऱ्या नातलगाच्या हातापाया पडण्याची पाळी तालेवार मालकांवर आली.

पण याच सुमारास कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सने मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या आवृत्तीवरून अँबॅसडर गाडी काढली होती. प्रारंभी तिला जुन्या धाटणीचे, बाजूला व्हॉल्व्ह असलेले इंजिन होते. १९५९ साली ते जाऊन त्या जागी बी मालिकेचे १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन आले. म्हणजे सचिवालयाच्या दारात पट्टेवाल्याच्या देखरेखीखाली उभी असलेली ती पांढरी, पोटाळ, सरकारी गाडी आणि मरीन ड्राइव्हवर छप्पर पाडून धावणारी तांबडी एमजीए या दोघी एका कुळातल्या निघाल्या. हेडला धुराची तीन तोंडे, दोन सिलिंडरांना मिळून मधले एक. हवा आत घेण्याची दोन. आणि ही पाचही एकाच बाजूस, एका ओळीत, एका लांबोळक्या पॅकिंगवर. ज्या मिस्त्रीने शंभर अँबॅसडर उघडल्या होत्या त्याला एमजीचे बॉनेट उघडताच माहेरी आल्यासारखे वाटले असल्यास नवल नाही.

आमच्या गिरगावच्या मिस्त्रींचा लौकिक याच मार्गाने झाला. सरकारी गाड्यांचे काम करता करता ते एमजीवाल्यांचे आश्रयस्थान झाले. माझ्या परिचयाच्या एका सॉलिसिटरांची एमजीए त्यांच्याकडे आली तेव्हा मी बरोबर होतो. गृहस्थांची फिर्याद अशी की, सकाळी गाडी सुरू केल्याबरोबर शिवणयंत्रासारखी टिकटिक ऐकू येते आणि दहा मिनिटांत नाहीशी होते. उतारावर पाय सोडला की मागे फटाके वाजतात. यांतल्या फटाक्यांविषयी ते थोडेसे अभिमानानेच बोलत होते, कारण शर्यतीच्या गाड्याही असेच वाजतात असे त्यांच्या ऐकण्यात होते. मिस्त्रींनी मान हलवली. गाडी गरम होती, टिकटिक नव्हतीच. वैद्याच्या ओसरीवर पाय ठेवताच रोग्याचा ताप उतरावा, तसा हा प्रकार.

"गरम गाडी खोटं बोलते, साहेब," मिस्त्री म्हणाले. "रात्रभर ठेवून जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत मी मुद्दाम गेलो. त्यानंतर जे घडले त्याला दुरुस्ती म्हणण्यापेक्षा पंचनामा म्हणणे अधिक योग्य होईल. इंजिन सुरू करण्यापूर्वी मिस्त्रींनी हातातल्या बॅटरीच्या उजेडात सांध्याची पाहणी केली. मधल्या तोंडाखाली काजळीचा एक पंखासारखा डाग पडला होता, तो त्यांनी बोटाने दाखवला. मग इंजिन सुरू झाले आणि टिकटिक आली. आता ही टिकटिक टॅपेटची की पॅकिंगची? दोन्ही आवाज इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदाच येतात, त्यामुळे नवख्याचा कान हमखास फसतो आणि तो टॅपेट आवळीत बसतो. मिस्त्रींनी हातभर रबरी नळी घेतली, एक टोक कानाशी धरले आणि दुसरे सांध्यावरून सावकाश फिरवले. मग एकेका प्लगची वायर क्षणभर काढून पाहिली : ज्या सिलिंडरात स्फोट होत नाही त्यातून जोराचा वायू येत नाही, म्हणून गळती असेल तर त्याचा आवाज दबतो, टॅपेट मात्र ठिणगीची पर्वा न करता वाजत राहते. दोनची वायर काढली, टिकटिक मंदावली. तीनची काढली, तरी मंदावली. एक आणि चारला काही फरक नाही. मधले तोंड दोन-तीनचे समाईक असल्यामुळे ही जबानी काजळीच्या डागाशी तंतोतंत जुळत होती. शेवटी पोऱ्याने ओले गोणपाट सायलेन्सरच्या तोंडावर क्षणभर दाबले, आणि मिस्त्रींनी सांध्याजवळ धरलेल्या उदबत्तीचा धूर त्या एका ठिकाणी फुंकर मारल्यासारखा फिसकटला. इकडे इंजिन तापत आले होते. बीड फुगून फट मिटली आणि आवाज बंद पडला. फटाक्यांचे कारणही हेच होते. पाय सोडला की धुराच्या नळीत क्षणोक्षणी ओढ उत्पन्न होते, त्या फटीतून ताजी हवा आत शिरते, आणि न जळलेले पेट्रोल तेथे भडकते. सॉलिसिटरसाहेबांचा अभिमान अशा रीतीने बेदखल झाला.

मॅनिफोल्ड उतरवणे हे काम संयमाचे आहे. गंजलेल्या स्टडवर जोर केला तर तो हेडमध्ये मोडतो, आणि मग ड्रिल लावून त्याचे अवशेष काढण्यात दिवस जातो. मिस्त्रींनी आदल्या रात्रीच सर्व नटांवर केरोसीन सोडून ठेवले होते. तरीही दोन स्टड हट्टी निघाले, ते ब्लोलॅम्पने तापवून, एकावर एक दोन नट जखडून पान्याने फिरवून काढले. चोपडीतले 'स्टड २' ते हेच. नंतर जाड काचेच्या तुकड्यावर तेलात कालवलेला शेंदूर पातळ फासून मॅनिफोल्डचा चेहरा त्यावर टेकवला. देवाला लावतात तोच हा शेंदूर. येथे तो उंचवटे दाखवतो. जेथे लाल खूण उमटली तो भाग उंच, जेथे कोरे राहिले तो खोलगट. मधले तोंड कोरे होते. फटीत फीलर, म्हणजे फट मोजण्याच्या पातळ पानांचा जुडगा, घातला तर इंचाच्या बारा हजारांशाचे पान सरकत गेले. घासायला लेथवर पाठवण्याइतका हा वाक नव्हता, असे मत पडून कानस आणि एमरी पेपर यांनीच तो काढण्यात आला; दर दहा मिनिटांनी पुन्हा शेंदूर, पुन्हा काच, असे चार तास.

आणि आता वायसर. बी मालिकेच्या इंजिनात हवेचा मॅनिफोल्ड आणि धुराचा मॅनिफोल्ड शेजारी शेजारी बसतात, आणि काही स्टडवर दोघांच्या मिळून एकच जाड वॉशर असतो : त्याची एक कड हवेच्या कानावर, दुसरी धुराच्या कानावर. दोन्ही कानांची जाडी सारखी असेल तर दाब सारखा पडतो. परंतु एक कान जाड आणि दुसरा पातळ झाला, तर वॉशर तिरपा बसतो, नट कितीही आवळला तरी एकच बाजू दाबली जाते आणि दुसरीकडून धूर निसटतो. एमजीचा हवेचा मॅनिफोल्ड ॲल्युमिनियमचा, धुराचा बिडाचा. धुराचा मॅनिफोल्ड पूर्वी कोणी तरी लेथवर घासून सपाट केला होता, त्यात त्याचा कान पातळ झाला होता. पुढे पॅकिंगामागून पॅकिंगे बदलली गेली, आणि दर वेळी दोष पॅकिंगच्या माथी मारला गेला. मिस्त्रींनी कॅलिपरने दोन्ही कान मोजले, फरक काढला, आणि प्रत्येक वॉशरच्या अर्ध्या भागात तेवढ्याच खोलीची पायरी कानशीने घासून काढली, म्हणजे जाड राहिलेला अर्धा भाग पातळ कानावर बसावा. तो वॉशर मी तळहातावर घेऊन पाहिला आहे. अर्धचंद्रासारखी ती पायरी, तिच्या धारेवरून बोट फिरवले तर कोठे कसर लागू नये इतकी स्वच्छ. विलायतेच्या कारखान्यात हा वॉशर बसवणाऱ्या कामगाराला जो विचार करण्याची कधी गरज पडली नव्हती, तो येथे परवान्याच्या राज्यात, नवा मॅनिफोल्ड मिळण्याची आशा नसल्यामुळे, एका मनुष्याने केला होता.

पॅकिंग अँबॅसडरचे वापरले, आणि तोंडे जेथे किंचित जुळत नव्हती तेथे ते कोरून घेतले. नट मधून सुरुवात करून आळीपाळीने दोन्ही टोकांकडे आवळले. इंजिन तापवून, पूर्ण गार होऊ देऊन, पुन्हा आवळले. पितळी नट घातले, कारण पितळ लोखंडाशी गंजून जडत नाही आणि पुढल्या खेपेस स्टड मोडत नाही. पुढल्या खेपेचा विचार आज करणारा कारागीर विरळा.

या कौतुकात एक गोष्ट सांगायची राहून जाऊ नये. ती पॅकिंगे ॲस्बेस्टॉसची असत, तांब्याच्या किंवा पोलादाच्या पातळ पत्र्यात दाबलेली. जुने पॅकिंग चिकटून बसले की पोऱ्या ते खरवडून काढी आणि भुकटी तोंडाने फुंकून उडवी. मी ते पाहिले आहे आणि मलाही त्यात काही वावगे वाटले नव्हते. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांतील धुळीविषयी १९३१ सालीच नियम झाले होते, आणि १९९९ साली तेथे पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवरही बंदी आली. गिरगावच्या गल्लीत या नियमांपैकी एकही अक्षर कधी पोहोचले नाही. मिस्त्रींना उतारवयात दम्यासारखा खोकला जडला होता. तो कशाने जडला हे त्यांच्या डॉक्टरांनी कधी विचारले नाही, आणि त्यांच्या चोपडीतही अर्थातच ते नाही.

अँबॅसडरचे उत्पादन २०१४ च्या मे महिन्यात थांबले. एमजीचे पॅकिंग आता विलायतेहून टपालाने घरपोच येते, ग्राफाइटचे आणि निर्धोक; गळतीचे निदान करणारे मात्र पूर्वीइतके मिळत नाहीत, आणि जे मिळतात ते बहुधा पॅकिंग बदलून मोकळे होतात. मिस्त्रींच्या मागे गॅरेज विकले गेले आणि त्या लाल चोपड्या, सगळ्या मिळून पोतेभर, वजनावर रद्दीत गेल्या. मी चाळली होती ती त्यांतलीच एक. ज्या वाचकांच्या घरी, माळ्यावर किंवा दुकानाच्या पोटमाळ्यावर, कोणा मिस्त्रीच्या, फिटरच्या किंवा गॅरेजवाल्याच्या अशा वह्या पडून असतील, त्यांनी त्या रद्दीवाल्याच्या तराजूत टाकण्यापूर्वी जवळच्या एखाद्या ग्रंथसंग्रहालयाकडे अवश्य विचारणा करावी. आणि वहीबरोबर एखादा घासलेला वॉशर सापडला, तर तोही टाकू नये.